कासचं फूल चिपळूणला उगवलं: लांबच्या अभ्यासकांशी निरीक्षणांची देवाणघेवाण कशी करायची

सुरुवात फजितीपासूनच करतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात कासला एक कंदीलफूल (कंदिलासारखं फूल येणारी कंदाची वनस्पती) दिसलं, भुरभुर पाऊस चालू, चष्म्यावर पाणी, तरी पाच-सहा चांगले फोटो मिळाले आणि खूश होऊन खाली आलो. जागेचे आकडे बरोबरच्या मित्राला विचारले तर तो म्हणाला "सतरा त्रेचाळीस, त्र्याहत्तर एकोणपन्नास". मी आपलं १७.४३, ७३.४९ असं लिहिलं आणि बंगळुरातल्या एका अभ्यासक मॅडमना मेल करून टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, फूल छान आहे, पण हे चिपळूणच्या खाली कसं काय सापडलं तुम्हाला? झालं असं होतं की मित्राने अंश आणि मिनिटं सांगितली होती, मी मध्ये टिंब टाकून त्याचा दशांश केला. खरा आकडा १७.७२, ७३.८२ च्या आसपास. एका टिंबाने साताऱ्याचं फूल घाट उतरवून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर लांब कोकणात नेऊन लावलं.

मॅडमनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर ती नोंद कुणाच्यातरी यादीत जाऊन बसली असती. तेव्हापासून मी नोंद लिहितो ती ज्याने आपला डोंगर कधी बघितलेलाच नाही त्याच्यासाठी. त्याला घरबसल्या तपासता आली पाहिजे आणि आपण चुकलो असू तर चूक पकडता पण आली पाहिजे. खाली जे काय सांगतोय ते सगळं यातूनच आलंय.

हे कशाला करायचं?

एक उदाहरण सांगतो, मला फार आवडतं. पावसाळा संपता संपता आपल्याकडे माळावर चतुरांचे थवेच्या थवे उडताना दिसतात, पिवळट-सोनेरी रंगाचे, पँटाला फ्लॅव्हेसेन्स नाव. आपल्याला वाटतं पाऊस संपला, किडे आले, त्यात काय. पण मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या समुद्री जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की ज्या बेटांवर चतुरांना वाढायला गोडं पाणीच जवळपास नाही तिथे दरवर्षी ऑक्टोबरात हे एवढे येतात कुठून? त्याने स्वतःच्या तारखा आणि भारत, सेशेल्स, आफ्रिका इथल्या लोकांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या आणि २००९ साली मांडलं की हे भारतातून निघून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. एकट्या मालदीवमध्ये बसून हे कळलं नसतं आणि एकट्या साताऱ्यात बसून तर नाहीच नाही.

तशी ही पद्धत जुनी आहे. डार्विनची आलेली-गेलेली मिळून पंधरा हजारांच्या आसपास पत्रं सापडलेली आहेत, त्यात कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथची पण आहेत. त्यांना बोटीने पत्र जायची वाट बघावी लागायची, आपण व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसून पाच मिनिटात उत्तर आलं नाही की वैतागतो, असो.

पायरी १: एक जागा आणि एक विषय धरा

सगळंच बघायला जाऊ नका. मी तेच केलं, पहिली दोन वर्षं पक्षी, फुलं, साप, बुरशी, जे दिसेल ते, आणि शेवटी हातात काय तर फोटोंचा ढीग. लांबचा माणूस तुमच्याशी टिकून बोलेल तो तुमच्याकडे एखाद्या जागेची सलग माहिती असेल तरच. कासला तर सीझनमध्ये सगळा महाराष्ट्र फोटो काढतो, तिथला तेरड्याचा अजून एक फोटो कुणाला नकोय. पण तुमच्या घरामागचा ओढा, शाळेजवळचा वड, खटाव-माणचा एखादा उजाड माळ, सांगलीत कृष्णेचा एखादा घाट, तिथे आठवड्यातून एकदा जाणारे तुम्ही एकटेच असाल. तीच तुमची ताकद.

पायरी २: वही, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची

ॲप आहेत तर वही कशाला असं पोरं विचारतात. ॲपमध्ये जे रकाने आहेत तेवढंच भरलं जातं, आणि नेमकं जे रकान्यात नाही तेच तीन वर्षांनी कुणीतरी विचारतं. माझी साधी दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण पावसात शाई पसरते.

जागेवरच लिहायचं, घरी येऊन चहा पिऊन नाही. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, "९ ऑक्टोबर २०२३" असं, कारण ९/१०/२३ हे आपल्याला नऊ ऑक्टोबर वाटतं आणि अमेरिकेतला माणूस ते सप्टेंबरची दहा तारीख म्हणून वाचतो. फाइलला नाव देताना मी उलटं लिहितो, २०२३-१०-०९, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. वेळ सुरू केल्याची आणि संपल्याची दोन्ही. बरोबर किती जण होते, किती चाललो, हवा कशी होती, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का.

मग प्रत्यक्ष काय दिसलं ते. किती होते हा आकडा हवाच, "खूप" हा आकडा नाही. हिवाळ्यात शाळूच्या रानावर भोरड्यांचा थवा उठला की तोंडात बोट जातं, पण मोजता येतो, आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं, मग तशा दहा जागांचे शंभर, आणि शंभराचे तुकडे पाडत जायचं. शेवटी "सुमारे ८००, अंदाजे" असं लिहायचं आणि अंदाज कसा केला ते कंसात. काय करत होते ते पण लिहा, कणसं खात होते की नुसते तारेवर बसलेले, कारण तिकडे मध्य आशियात, जिथे या भोरड्यांची वीण होते तिथल्या माणसाला त्यांचा हिवाळा कसा जातो हे तुमच्याकडूनच कळणार आहे.

पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहायचं. "मादी घरट्यासाठी काड्या नेत होती" यात अर्धं पाहिलेलं आणि अर्धं आपलं डोकं आहे. पाहिलं एवढंच, की पक्षी चोचीत काडी घेऊन तीन वेळा एकाच झुडपात गेला. मादी होती का, घरटं होतं का, ते खाली वेगळ्या ओळीत "अंदाज" म्हणून.

आणि शून्य पण लिहायचं. गेलो, दोन तास हिंडलो, काही दिसलं नाही, ही पण नोंद आहे बरं का. आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथला अभ्यास २०१८ मध्ये आला, मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे मात्र जास्त, असं त्यात निघालं. हे कळलं कशामुळे, तर चक्क्या आहेत तिथे आणि नाहीत तिथे, दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने मोजलं म्हणून. नुसतं "आज गरुड दिसला" अशा शंभर नोंदी असत्या तरी यातलं काही निघालं नसतं, कारण किती वेळ बघितलं आणि किती वेळा दिसला नाही हे त्यात नसतंच.

पायरी ३: जागा

फजिती वर सांगितलीच. नियम दोनच. एक, कायम दशांश अंशातच लिहा आणि टिंबानंतर चार आकडे ठेवा, चौथा आकडा साधारण अकरा मीटरपर्यंत अचूक असतो, त्यापुढचे आकडे फोन देतो पण त्याला अर्थ नाही. दोन आकडेच दिले तर किलोमीटरभराचा घोळ. कुणी अंश-मिनिटं सांगितली तर मिनिटांना साठने भागायचं, ४३ भागिले ६० म्हणजे ०.७१७, म्हणजे १७.७१७. बस एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी.

दोन, आकड्याबरोबर शब्दात पण लिहा. "कास तलावाच्या भिंतीपासून पश्चिमेला, कातळावर, पाणी साचलेल्या खळग्याच्या काठाला". आकडा चुकला तर शब्द वाचवतात, माझ्या मेलमध्ये "कास" हा शब्द होता म्हणूनच मॅडमना शंका आली. आणि आपले शब्द वापरताना समोरच्याला समजावून पण सांगा, सडा म्हणजे काय हे आसामच्या माणसाला कसं कळणार, त्याला सांगायचं की वरून सपाट, जांभ्या दगडाचा, माती बोटभर, पावसात ओला आणि उन्हाळ्यात तव्यासारखा.

जंगलात फोनला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा मिनिट-दोन मिनिटं एका जागी उभं राहा. घाई करून लगेच फोटो काढला तर फोन कधीकधी आधीचीच जागा चिकटवतो.

पायरी ४: फोटो, छान नको, उपयोगी हवा

मागची पार्श्वभूमी धूसर केलेला फुलाचा सुंदर फोटो भिंतीवर लावायला ठीक, ओळखायला बऱ्याचदा काही कामाचा नाही. वनस्पतीसाठी मी ठरवून एवढे घेतो: आख्खं झाड ते उगवलंय त्या जागेसकट, पान वरून, पान उलटं करून, पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक ते, फूल समोरून, फूल बाजूने, फुलाची मागची बाजू म्हणजे निदलं दिसली पाहिजेत, फळ असेल तर फळ, आणि शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं. तेरड्याच्या जातींमध्ये फुलामागची शेपटी, ज्याला स्पर म्हणतात, ती किती लांब आणि कशी वळलेली यावर बरंच अवलंबून असतं, आणि समोरून काढलेल्या फोटोत नेमकी तीच दिसत नाही. गेंदांचं तर विचारूच नका. ते पांढरे बटणासारखे गेंद वरून सगळे सारखेच दिसतात, जात ठरवायला भिंगाखाली फुलाचे भाग आणि बी बघावं लागतं, त्यामुळे फोटोवरून कुणी छातीठोक नाव दिलं तर मी आता जरा सावधच असतो.

हे सगळं करताना बाकीची फुलं तुडवायची नाहीत. एका फोटोसाठी गुडघ्याखाली वीस दवबिंदू (किडे पकडणारी छोटी वनस्पती) चिरडणारी माणसं मी बघितलीत.

प्राण्यांचं वेगळं. सरड्याचं सांगतो कारण तो आपला घरचा आहे. चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये पंखेवाल्या सरड्याची नवीन जात शास्त्रात नोंदली गेली, सरडा सुपर्बा, आणि त्या अख्ख्या प्रजातीगटाचं नावच मराठी "सरडा" या शब्दावरून ठेवलंय! जगातल्या कुठल्याही देशातला अभ्यासक आता "सरडा" म्हणतो, मला तर याचा भयंकर आनंद आहे. तर याचा नर पावसाळ्याच्या आधी वीणीच्या काळात दगडावर चढून गळ्याचा रंगीत पंखा उघडतो, तो उघडलेला असताना बाजूने फोटो हवा, पंखा कुठपर्यंत मागे जातो आणि रंग कसे आहेत ते दिसलं पाहिजे. पकडून, गळा ओढून फोटो काढायचा नाही, लांब बसून वाट बघा, उन्हात अर्धा तास बसलात की तो स्वतःच दाखवतो.

आणि एक छोटी पण फार महत्त्वाची गोष्ट, व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून छोटा होतो आणि त्याच्या आतली जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा.

पायरी ५: आवाज

रातवे, बेडूक, रातकिडे यांच्यासाठी फोटोपेक्षा आवाज भारी. साधा फोन चालतो. सुरुवातीला किंवा शेवटी स्वतःच्या आवाजात बोला, "तारीख अमुक, वेळ अमुक, ओढ्याच्या काठावर, आवाज साधारण वीस मीटरवरून", म्हणजे फाइलचं नाव हरवलं तरी माहिती हरवत नाही. मग निदान एक मिनिट गप्प उभं राहा, आणि हे सगळ्यात अवघड आहे, कारण बरोबरचा कुणीतरी नेमका तेव्हाच चिप्सचं पाकीट फोडतो. जमलं तर एमपी३ ऐवजी वेव्ह फाइल ठेवा, एमपी३ मध्ये आवाजाचा काही भाग गाळला जातो. पक्ष्यांचे आवाज जगभरातल्या लोकांबरोबर वाटायला झेनो-कँटो म्हणून वेबसाइट आहे, आवडीची माणसं तिथे भेटतात.

पायरी ६: नावाचा घोळ

आपल्या बोलीतली नावं गोड आहेत, लिहायचीच, पण एकटी लिहायची नाहीत. "तेरडा" म्हटलं की आपल्याकडेच पाच-सहा जाती, "सोनकी" म्हटलं की पिवळं दिसणारं काहीही, आणि विट्याकडचा माणूस ज्याला होला म्हणतो त्याला दुसरीकडे कवडा म्हणतील. म्हणून शास्त्रीय नाव बरोबर हवं. पण खात्री असेल तेवढंच. तेरड्याची जात माहीत नसेल तर "इम्पेशन्स, जात ठाऊक नाही" असं लिहिणं यात कमीपणा काहीच नाही, उलट समोरच्याला तुमच्यावर भरवसा वाटतो. फोटो टाकला की ॲप नाव सुचवतं, मदत होते, पण ते त्याने जे फोटो आधी बघितलेत त्यातलंच सुचवणार, आपल्या पठारावरच्या छोट्याशा जागेत वाढणारं काहीतरी त्याने बघितलेलंच नसेल तर ते सरळ दुसऱ्या देशातलं नाव पण देऊन मोकळं होतं.

नावं बदलतात पण. गायबगळ्याचेच आता पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन केलेत. म्हणून वहीत नावाबरोबर वर्णन पण ठेवायचं, नाव बदललं तरी वर्णन आपल्याजवळ राहतं.

पायरी ७: कुणाला लिहायचं आणि कसं

जवळ विचारा आधी. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आपल्या दारातच आहे, तिथे वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि प्राणी सर्वेक्षण या दोन्ही सरकारी संस्थांची कार्यालयं आहेत. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ ची, आणि सेंट झेवियर्सचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह. त्याच्या पलीकडे मग देश-परदेश. आपल्या कोयनेजवळच्या हुंबरळीचं देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा, बेडकाच्या गोतातला प्राणी) २००४ साली नवीन जात म्हणून प्रसिद्ध झालं तेव्हा तीन लेखकांपैकी वरद गिरी मुंबईचे आणि गोवर, विल्किन्सन हे दोघं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे. नवीन आहे असं म्हणायला जुने सगळे नमुने ताडून बघावे लागतात, आणि जुन्यातले कितीतरी नमुने इंग्रजांच्या काळात तिकडे गेलेले, म्हणजे लांबचा सहकारी काही हौस म्हणून नसतो.

अनोळखी अभ्यासकाला "सर हे काय आहे प्लीज आयडी" एवढंच लिहून फोटो फेकायचा नाही. मी साधारण असं लिहितो:

"नमस्कार मॅडम, मी साताऱ्याहून लिहितोय, व्यवसायाने औषध दुकानदार, गेली काही वर्षं इथल्या सड्यावरच्या कीटकभक्षी वनस्पती बघतो. १४ ऑगस्टला चाळकेवाडीजवळ हे युट्रिक्युलारिया दिसलं, ओल्या कातळावर, साधारण तीस झाडं. मी याला पर्प्युरासेन्स म्हणत होतो पण देठ गवताला वेटोळे घालून वर चढलाय म्हणून रेटिक्युलाटाची शंका आली. फूल बाजूने, मागून आणि आख्खं झाड असे फोटो जोडलेत. कुठला भाग बघायला हवा ते सांगितलंत तर पुढच्या रविवारी जाऊन बघून येईन. घाई नाही."

यात काय आहे बघा. मी कोण, कुठे, कधी, मला काय वाटतं आणि का, एकच प्रश्न, आणि शेवटी मी अजून कष्ट करायला तयार आहे हे. उत्तर येतंच असं नाही. महिन्याने एकदा आठवण करा, पुन्हा नाही. आणि उत्तर आलं की आभार मानून गायब होऊ नका, रविवारी खरंच जा आणि जे दिसलं ते कळवा. माझ्या सगळ्या चांगल्या ओळखी त्या दुसऱ्या मेलवर झाल्यात.

समोरच्याने नाव चुकीचं दिलं असं वाटलं तर? सांगायचं, मोकळेपणाने, पण कारणासकट. "मला तसं वाटत नाही" हे कारण नव्हे. "पानं समोरासमोर आहेत, तुम्ही म्हणता त्या जातीत एकाआड एक असतात ना?" हे कारण.

पायरी ८: सगळ्यांसाठी कुठे ठेवायचं

पक्ष्यांसाठी ईबर्ड ही वेबसाइट, आणि तिथे जमेल तेव्हा पूर्ण यादी टाका, म्हणजे ओळखता आलेले सगळे पक्षी, फक्त भारी वाटलेले नाहीत, कावळा-साळुंकीसकट. बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट किंवा आपलं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. फुलपाखरांना बटरफ्लाइज ऑफ इंडिया. आयनॅचरलिस्टवर दोन तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं जातीवर एकमत झालं, आणि तारीख, जागा, पुरावा असेल, झाड लावलेलं किंवा प्राणी पाळलेला नसेल, तर ती नोंद संशोधनाच्या दर्जाची धरतात आणि पुढे जागतिक साठ्यात जाते. त्यासाठी लायसन्स मोकळं ठेवावं लागतं, "सर्व हक्क राखीव" ठेवलंत तर नोंद तिथे पोचत नाही. नाव तुमचंच राहतं, काळजी करू नका.

कुंडीतलं, बागेतलं झाड असेल तर तसं लिहा. हे लोक विसरतात आणि मग सांगलीच्या एखाद्या बंगल्यातला गुलमोहर जंगली होऊन बसतो.

पायरी ९: खरी देवाणघेवाण

आतापर्यंत नुसतं पाठवणं झालं. खरी मजा एकच गोष्ट दोन ठिकाणी बघण्यात आहे. माझी एक मैत्रीण पालक्काडला शिकवते, आमची ओळख बहाव्यावरून झाली. त्यांच्याकडे एप्रिलच्या मध्यात विषू सणाला बहाव्याचं फूल लागतंच, आणि ती म्हणायची हल्ली आमच्याकडे सणाच्या कितीतरी आधीच फुलून जातो. मी म्हटलं आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये. मग ठरवलं की दोघांनी आपापलं एकच झाड धरायचं, आठवड्यातून एकदा, त्याच वारी बघायचं आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, शेंगा यांच्यापुढे तीनच शब्दांपैकी एक लिहायचा: नाही, थोडं, भरपूर. ही पद्धत सीझनवॉच या उपक्रमाची आहे, आम्ही शोधलेली नाही, आणि आमच्या नोंदी तिथेच जातात.

पहिल्या वर्षी घोळ झाला तो "थोडं" म्हणजे किती यावर. ती दोन घोस दिसले तरी भरपूर म्हणायची, मी अर्धं झाड पिवळं झाल्याशिवाय थोडंच्या पुढे जात नव्हतो. शेवटी दोघांनी एकमेकांना फोटो पाठवून हात बसवला, झाडाच्या एक तृतीयांश भागापर्यंत थोडं, त्यापुढे भरपूर. म्हणून कुणाबरोबरही जोडी लावण्याआधी महिनाभर एकमेकांचे फोटो बघून शब्द सारखे करून घ्या, हे आधी केलं असतं तर आमचं एक वर्ष वाया गेलं नसतं. ती झाडाचं नाव मल्याळममध्ये लिहायची, मी मराठीत, मधली भाषा मोडकंतोडकं इंग्लिश आणि शास्त्रीय नाव, चालतं सगळं.

टोपली कारवीचं बघा, सात वर्षांनी फुलते. एका माणसाला आयुष्यात आठ-दहा वेळा बघायला मिळाली तर खूप झालं. शेजारच्या डोंगरावर त्याच वर्षी फुलली का, पलीकडच्या घाटात मागच्या वर्षी होती का, हे दहा ठिकाणच्या दहा जणांनी लिहिलं तरच कळणार.

हिवाळ्यात येरळवाडी-मायणीकडे तलावावर जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. पट्टकदंब हंसांच्या गळ्यात कधीकधी रंगीत पट्टा असतो, मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात दिसलेले आहेत. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-आकडे, आणि एखादं अक्षर नीट दिसलं नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह, असं लिहून घ्या. अंदाजाने अक्षर भरू नका, एका अक्षराने दुसराच हंस होतो. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पट्टा कुणी, कुठे, कधी घातला हे तुम्हाला उलट कळतं, आणि तो मेल आला की घरात दोन दिवस दुसरा विषय नसतो.

काय लपवायचं आणि काय अजिबात पाठवायचं नाही

घुबडाचं घरटं, खवल्या मांजराचं बीळ, कंदीलफुलांची नेमकी जागा हे उघड टाकायचं नाही. कंद उकरून नेणारे लोक पण इंटरनेट वाचतात. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवायची सोय आहे, मग नकाशावरचा ठिपका साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसतो आणि खरा आकडा तुम्ही विश्वास टाकलेल्या माणसालाच. पण वर्णनात "अमक्या मंदिराच्या मागे" लिहिलंत किंवा फोटोत मागे मंदिर दिसत असलं तर धूसर करून उपयोग काय?

नमुने पाठवायचे नाहीत. परदेशातल्या अभ्यासकाने अगदी प्रेमाने म्हटलं की एक वाळलेलं फूल पाकिटात घालून पाठवा, तरी नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परदेशी व्यक्तीला इथलं जैविक साधन घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. अभयारण्यातून काहीही उचलायला वनखात्याची परवानगी, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरट्यांना हात लावणं पण येतं. कात टाकलेली दिसली, पीस दिसलं, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. ज्याला खरंच नमुना हवा त्याला कोल्हापूर-पुण्याच्या संस्थेशी जोडून द्या, ते रीतसर करतात.

शेवटची पायरी: प्रती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत हरभट रोडच्या मागे भाड्याने राहायचो. कृष्णेचं पाणी आलं तेव्हा आईला आणि औषधांचे खोके माडीवर न्यायला वेळ मिळाला, वह्या खालच्या कपाटात राहिल्या. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर नऊ वर्षांचा लगदा. पेन्सिल पसरली नव्हती हे खरं, पण पानंच सुटी होत नव्हती. मग एकेकाला मेल केले, माझं तुमच्याकडे काय काय आहे ते पाठवता का. बंगळुरूच्या मॅडमनी सगळे जुने मेल एका फोल्डरमध्ये ठेवले होते, ते चिपळूणचं फूल पण त्यात होतं. पालक्काडहून बहाव्याच्या तक्त्याची आख्खी प्रत आली. ईबर्डवरचं जसंच्या तसं होतं. जे कुणालाच पाठवलं नव्हतं ते गेलं, त्यात कृष्णेकाठच्या मगरींच्या चार उन्हाळ्यांच्या नोंदी होत्या, पुढच्या वर्षी नीट लिहून मग पाठवू म्हणून ठेवलेल्या.

आता दर महिन्याच्या एक तारखेला वहीच्या पानांचे फोटो काढतो, एक प्रत मेलवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक त्या पालक्काडच्या मैत्रिणीकडे. तिच्या वहीची माझ्याकडे.